गाडीत एसीचं पाणी येतंय? गॅस भरायला जायच्या आधी हे तपासा

जूनचा पहिला दुसरा आठवडा आला की मला फोन सुरू होतात, कधी सोसायटीतून, कधी नात्यातून, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, डावीकडची मॅट ओली झालीये, पावसाचं पाणी शिरतंय बहुतेक. गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्या स्वतःच्या दोन गाड्या, मेव्हण्याची एक, ऑफिसातल्यांच्या आणि सोसायटीतल्या धरून वीसेक गाड्यांचा हाच प्रॉब्लेम मी सोडवलाय. मी मेकॅनिक नाही. पण या वीसातल्या बहुतेक गाड्यांत दोष होता एका बोटभर जाडीच्या रबरी नळीत, आणि तरी लोकांनी तोवर गॅस भरून घेतला होता, काचेचं रबर बदललं होतं, एकाला तर पूर्ण डॅशबोर्ड खोलायला सांगितलं होतं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

लक्षणं काय दिसतात

ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतो तिथे ओल. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत एसीची कूलिंग कॉइल ग्लव्हबॉक्सच्या मागे असते म्हणून पाणी आधी डावीकडेच दिसतं, काही गाड्यांत ही कॉइल ज्यात बसवलेली असते तो डबा मधोमध असतो तिथे गिअरच्या बाजूने दोन्हीकडे ओघळतं. वळण घेताना डॅशबोर्डच्या आतून छलछल आवाज येतो, कात्रज घाट उतरताना हमखास ऐकू येतो. जोरात ब्रेक मारला की शेजारी बसलेल्याच्या पायावर गार पाणी पडतं. सकाळी गाडी उघडली की ओल्या पायपुसण्यासारखा कुबट वास, आणि काचा आतून धुकटलेल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण लोक बघतच नाहीत, ते म्हणजे एसी लावून गाडी वीस मिनिटं उभी केली तरी खाली रस्त्यावर पाण्याचा एक थेंब पडत नाही.

ज्यांनी शोरूममधून घेतानाच फ्लोअरवर जाड लेदरचं मॅटिंग करून घेतलंय त्यांनी जास्त लक्ष द्या. वरून हात लावला तर कोरडं लागतं आणि खाली कार्पेटखालचा फोम चिंब असतो, दोन-दोन महिने कळत नाही, कळतं ते वासावरून किंवा पत्र्याला गंज धरल्यावर.

एक गोष्ट मात्र दोष नाही. पावसाळी हवेत एसीच्या जाळीतून पांढरा धूर आल्यासारखं दिसतं, ते हवेतलं बाष्प आहे, त्याने घाबरू नका. थेंब उडायला लागले तर मात्र आत पाणी साठलंय असं समजा.

हे जूनमध्येच का होतं

कॉइल गार असते, तिच्यावरून दमट हवा गेली की कॉइलवर थेंब धरतात, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर धरतात तसेच. ते थेंब खालच्या ट्रेमध्ये पडतात आणि ट्रेच्या नळीवाटे, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून, गाडीखाली जातात. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी असते की एसी दिवसभर चालला तरी पाणी जेमतेम पडतं. या काळात ट्रेमध्ये नुसती धूळ बसत जाते, आणि आपल्याकडे मेट्रो, बांधकामं, खोदलेले रस्ते यामुळे धुळीला काय तोटा. मग वळवाचा पाऊस होतो, हवा दमट होते, एकदम भरपूर पाणी सुटतं आणि त्या साठलेल्या धुळीचा चिखल होऊन तो नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो. त्याच आठवड्यात पाऊसही सुरू झालेला असतो, म्हणून माणूस बिचारा पावसालाच दोष देतो.

आधी पाणी कुठलं ते ठरवा

हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका, सगळा खर्च इथेच चुकीच्या दिशेने जातो. पाणी तीन प्रकारचं असू शकतं.

एसीचं पाणी स्वच्छ, बिनरंगी, पातळ असतं आणि एसी लावून गाडी चालवली तरच येतं, भर उन्हात सुद्धा येतं. पावसाचं पाणी एसी न लावता, नुसती गाडी पावसात उभी राहिली किंवा वॉशिंगला दिली तरी येतं, जरा मातकट असतं, आणि मागच्या सीटखाली किंवा ड्रायव्हरकडेही दिसू शकतं. तिसरं कूलंट, ते बोटाला चिकट लागतं, हिरवट किंवा गुलाबी असतं, गोडसर वास येतो आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट थर बसतो, कितीही पुसला तरी परत येतो. बॉनेट उघडून कूलंटच्या बाटलीची लेव्हल बघा, कमी होत असेल तर हीटरची कॉइल किंवा तिचे पाइप गळतायत. इथे थांबा. पुढचं काहीही घरी करू नका, इंजिन तापायच्या आत गाडी मेकॅनिककडे न्या. आणि कृपा करून चव घेऊन बघू नका, आमच्या इथे एका काकांनी तसं केलं होतं, कूलंट विषारी असतं. मुलं आणि कुत्रीमांजरं पण त्यापासून लांब ठेवा.

अजून शंका असेल तर मॅट काढा, कार्पेट जमेल तेवढं कोरडं करा आणि तीन ठिकाणी टिश्यू पेपर चिकटवा, एक ग्लव्हबॉक्सखाली वर भिंतीला, एक गिअरच्या बाजूच्या प्लॅस्टिकला, एक दाराच्या उंबऱ्यापाशी. मग न पावसाच्या दिवशी अर्धा तास एसी लावून फिरून या. वरचा किंवा गिअरकडचा आधी भिजला तर एसी. दुसऱ्यांदा एसी बंद ठेवून बाहेरून पाणी मारून बघा, उंबऱ्याकडचा भिजला तर दाराच्या आतलं प्लॅस्टिक किंवा रबर सुटलंय आणि तो वेगळा विषय आहे.

फुकटातली तपासणी

गाडी सपाट जागेवर लावा, एसी फुल, ब्लोअर तीनवर, बाहेरची हवा आत घेणारं बटण ठेवा म्हणजे दमट हवा येऊन पाणी जास्त सुटेल. पंधरा-वीस मिनिटांनी खाली वाकून बघा. हे मोकळ्या जागेत करा, बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. खाली छान टपटप चालू असेल तर नळी उघडी आहे, मग पाणी दुसरीकडून येतंय. एकही थेंब नसेल तर जवळपास नक्की नळी. फक्त एप्रिलच्या दुपारी ही टेस्ट करून निकाल लावू नका, तेव्हा चांगल्या गाडीतून पण थेंब पडत नाही.

याच वेळी एक आठवा की गाडी रोज कशी उभी असते. बावधन, सूस या बाजूला उतारावर गाड्या लावतात, बेसमेंटच्या रॅम्पवर लावतात, आणि नळी अर्धवट तुंबलेली असेल तर नाक खाली किंवा एका बाजूला कललेल्या गाडीत ट्रेमधलं पाणी काठावरून सांडतं. सपाट लावल्यावर ओल बंद झाली तर दोष गेला असं नाही, तुंबायला सुरुवात झालीये एवढाच अर्थ.

वायपरखालची जाळी

बॉनेट उघडा आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी जी काळी प्लॅस्टिकची जाळी असते ती बघा. प्रभात रोड, भांडारकर रोड, लॉ कॉलेज रोड अशा झाडांच्या रस्त्यांवर गाडी उभी राहत असेल तर तिथे गुलमोहराच्या पाकळ्या आणि त्याची ती बारीक बारीक पानं खच्चून भरलेली सापडतील. ही पानं फार वाईट, जाळीतून आरामात आत जातात आणि भिजली की लगदा होतात. त्या जाळीखाली पन्हळीसारखी जागा असते, तिचं पाणी दोन्ही कोपऱ्यांतून चाकांच्या मागे उतरतं. कोपरे तुंबले की पन्हळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या हवा घ्यायच्या भोकातून थेट आत, आणि पडतं कुठे, तर नेमकं शेजारच्या सीटच्या पायाशीच. म्हणजे पाणी पावसाचं आणि जागा एसीची. मी सुरुवातीला दोन गाड्यांत याच्यामुळे फसलो होतो, नळी साफ करून दिली आणि पुढच्या पावसात परत ओल.

पानं हाताने काढा, पाण्याने ढकलू नका, ती आत जातात. साफ झाल्यावर एसी बंद ठेवून मगभर पाणी डाव्या कोपऱ्यात हळू ओता आणि ते पुढच्या चाकाच्या मागून खाली येतंय का बघा.

केबिन फिल्टर

बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्स मोकळा केला की मागे फिल्टरचं झाकण असतं, कुठले स्क्रू, कुठल्या क्लिपा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. जुन्या आणि खालच्या मॉडेलांत फिल्टरच नसतो, नुसता खाचा असतो, मग पानंधूळ थेट कॉइलवर जाते. फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं काही दिसत नसेल तर बदला, नाना पेठेत गाडीचं मॉडेल आणि साल सांगितलं की काही शेकड्यांत मिळतो. धुऊन परत घालू नका, कागदाचा असतो तो, ओला राहिला तर वास आणखी वाढतो.

पाण्याचा आणि फिल्टरचा काय संबंध असं मला नेहमी विचारतात. फिल्टर चोंदला की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइल गरजेपेक्षा गार होऊन तिच्यावर बर्फ धरतो, आणि गाडी बंद केल्यावर तो सगळा बर्फ एकदम वितळतो. तेवढं पाणी नळी एका दमात नेऊ शकत नाही. बर्फाबद्दल पुढे अजून सांगतो.

नळी साफ करणं

आता मुख्य काम. गाडी बंद करून तासभर थंड होऊ द्या, नळीच्या आसपास सायलेन्सरचा पाइप जातो आणि तो भाजतो. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अजिबात जायचं नाही, डोकं तर सोडाच, हातही घालायचा नाही. बऱ्याच गाड्यांत वरूनच, बॉनेट उघडून, भिंतीच्या डाव्या-मध्य भागात खाली टॉर्च मारला की काळी रबरी नळी दिसते, बोटाएवढी जाड, टोक खाली वळलेलं. वरून हात पोचत नसेल तर वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर पाच मिनिटं गाडी चढवून घ्या, ओळखीचा असेल तर नाही म्हणत नाही.

आधी नुसतं टोक दोन बोटांनी दाबा आणि चोळा. काही नळ्यांच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखी चीर असते, तिथेच सगळा बुळबुळीत गाळ अडकतो. कितीतरी वेळा एवढ्यानेच काम होतं आणि धो धो पाणी येतं, लिटर दीड लिटर सुद्धा, म्हणून तोंड नळीच्या बरोबर खाली ठेवू नका आणि डोळ्याला चष्मा लावा.

नाही आलं तर केबल टाय किंवा गवत कापायच्या मशीनची नायलॉनची वायर घ्या आणि हळूच फिरवत वर घाला. लोखंडी तार, सायकलचा स्पोक, छत्रीची काडी, यातलं काहीही नको. ट्रेच्या वरच कॉइल आहे, तिच्या अॅल्युमिनिअमच्या पात्या कागदासारख्या असतात, आणि तारेने कॉइलला भोक पडलं की गॅस जातो आणि पाच रुपयांचं काम हजारांवर जातं. चार-पाच इंचांपेक्षा जास्त आत घालायची गरज पडत नाही. अडकलं तर जोर न लावता बाहेर काढा आणि परत फिरवत घाला.

आत काय काय सापडलंय सांगतो. बहुतेक वेळा काळा चिखल. दोनदा कुंभारीण माशीचं मातीचं घर, दोन्ही गाड्या महिनोन्महिने पार्किंगमध्ये झाकून ठेवलेल्या होत्या. आणि एकदा, सोसायटीतल्या एका वहिनींच्या गाडीला, सर्व्हिसिंगच्या वेळी खालून गंज न लागायचा काळा स्प्रे मारला होता तो नळीच्या तोंडावरच बसून ते बंद झालं होतं. त्यांना तिथे सांगितलं होतं की कॉइल बदलावी लागेल. नखाने तो थर काढला आणि पाणी बाहेर आलं. तुम्हीही खालून कोटिंग करून घेतलं असेल आणि त्यानंतरच पाणी यायला लागलं असेल तर पहिल्यांदा हेच बघा.

हवा मारायची की ओढायची

पंक्चरवाल्याकडे जाऊन नळीत हवा मारून घ्या असं सगळे सांगतात. माझं स्पष्ट मत आहे, नका मारू. २०१६ मध्ये मी माझ्याच गाडीत मारली होती, फाट्कन आवाज आला, मला वाटलं मोकळी झाली, आणि प्रत्यक्षात नळी आतल्या बाजूने डब्यापासून निसटली होती. त्यानंतर थेंबन्थेंब कार्पेटमध्ये जायला लागला आणि ती परत बसवायला अर्धा दिवस गेला. शिवाय गाळ आणि पाणी उलटं वर उडून ब्लोअरच्या मोटरवर जाऊ शकतं.

ओढून काढणं चांगलं. पाणी ओढणारा व्हॅक्यूम वॉशिंग सेंटरवर असतो, त्याचं तोंड नळीला लावून जुन्या फडक्याने सांध गच्च धरायची आणि दहा-वीस सेकंद ओढायचं, दोन-तीनदा. घरचा साधा व्हॅक्यूम वापरू नका, त्याच्या मोटरमध्ये पाणी जातं. व्हॅक्यूम नसेल तर मोठी सिरिंज आणि तिला बसेल अशी फिश टँकची नळी, वेळ लागतो पण होतं.

आतल्या बाजूचं

नळी बाहेरून मोकळी आहे, खाली टपटप पण होतेय, आणि तरी आत ओल आहे. मग ग्लव्हबॉक्सखाली आडवं होऊन टॉर्चने बघा, डब्यातून निघालेली नळी पत्र्याच्या भिंतीत जाते तिथपर्यंत. नळी डब्यावर नीट चढलीये का, भिंतीतलं रबर जागेवर आहे का, त्याच्याभोवतीचा फोम कुजलाय का. कधीकधी नळी आखूड पडते किंवा वाकडी बसते आणि पाणी बाहेर जाऊन परत भिंतीवरून आत ओघळतं. हाताने बसत असेल तर बसवा.

तिथेच जाड-बारीक दोन अॅल्युमिनिअमचे पाइप भिंतीतून येतात, त्यांच्या सांध्यावर काळा फोम गुंडाळलेला असतो. तो निघून गेला तर उघड्या पाइपला घाम धरतो आणि ठिबकतो. फोमची टेप मिळते, ती गुंडाळायची, झालं. पण पाइपांचे नट मात्र अजिबात सोडायचे नाहीत, आत गॅस दाबाखाली असतो, अंगावर उडाला तर कातडी गोठवतो, डोळ्यात गेला तर कायमचं नुकसान.

आणि मागच्या वर्षभरात कॉइल बदलली असेल किंवा डॅशबोर्ड उतरवला असेल तर सरळ ज्याने केलं त्याच्याकडेच परत जा. डबा दोन अर्ध्या भागांचा असतो, मधलं सील नीट बसलं नाही किंवा एखादी क्लिप राहिली तर सांध्यातून पाणी येतं, ते बाहेरून काही करून थांबत नाही.

बर्फ धरत असेल तर

याची खूण एकदम वेगळी आहे. एक्स्प्रेसवेला लागलात, लोणावळ्यापर्यंत एसी मस्त, मग हळूहळू हवा कमी, ब्लोअरचा आवाज तोच पण जाळीतून काहीच येत नाही. फूड मॉलला थांबलात, चहा घेतलात, परत आलात तर एसी पुन्हा छान आणि मॅट मात्र ओली. कॉइल बर्फाने बंद झाली होती आणि तुम्ही चहा पीत होता तेव्हा वितळली. रस्त्यात असं झालं तर एसी बंद करून नुसता ब्लोअर फुल ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत हवा परत येते.

फिल्टर नवीन असूनही हेच होत असेल तर गॅस कमी आहे किंवा कॉइलचा तापमान सांगणारा सेन्सर बिघडलाय, त्यामुळे कॉम्प्रेसर वेळेवर कट होत नाही. हे घरी होणारं काम नाही, चांगल्या एसीवाल्याकडे जा. पण जाताना एवढं लक्षात ठेवा, गॅस आपोआप संपत नाही, कमी झालाय म्हणजे कुठेतरी लीक आहे. नुसता वरचेवर गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला आधी लीक शोधायला सांगा, आणि जुना गॅस मशीनने काढून वजनावर भरायला सांगा, किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. माझ्या मेव्हण्याने एकाच उन्हाळ्यात तीनदा गॅस भरला, शेवटी कॉइलच लीक निघाली.

कुठे थांबायचं

कूलंटचं वर सांगितलंच. त्याशिवाय, ओल फ्यूज बॉक्सपर्यंत किंवा कार्पेटखालच्या वायरिंगच्या जोडांपर्यंत गेली असेल, मीटरवर एअरबॅगचा दिवा लागला असेल, सेंट्रल लॉक किंवा पॉवर विंडो आपोआप काहीतरी करत असतील, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. पिवळ्या रंगाचे जोड दिसले तर त्यांना हात लावू नका, ते एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे असतात. डॅशबोर्ड उतरवायची वेळ आली तरी घरी सुरू करू नका. सात सीटर गाडीत मागच्या एसीला वेगळी कॉइल असेल तर तिची नळी पण वेगळी असते, मागे ओल असेल तर ती दाखवा. गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच खोलू नका, टिश्यूचे आणि ओलीचे फोटो काढून सरळ सर्व्हिसला द्या.

वाळवणं

याचा सगळ्यांना कंटाळा येतो आणि वास राहतो तो यामुळेच. वरून वाळलेलं कार्पेट काही सांगत नाही, खालचा फोम स्पंजसारखा पाणी धरून बसतो. उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी हलक्या हाताने वर ओढली की निघते, कार्पेटची कड उचला, खाली वर्तमानपत्रांचे बोळे भरा, दर दोन-तीन तासांनी बदला. ऊन असेल तर चारी दारं उघडी, नसेल तर पार्किंगमध्ये टेबलफॅन लावून ठेवा. भर पावसाळ्यात मी अजून एक करतो, एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालू, हवा पायाकडे, काच दोन बोटं खाली, आणि अर्धा तास गाडी फिरवून आणतो. एसी हवेतलं बाष्प काढतो आणि हीटर गरम हवा देतो, खूप फरक पडतो. फ्रेशनर टांगून वास जात नाही, खालची बुरशी तशीच राहते, आणि घरात दमा असलेलं कोणी असेल तर त्यांना त्रास होतो.

दोन दिवसांनी फोमवर कोरडा टिश्यू ठेवून वरून तळव्याने जोरात दाबा. ओला निघाला तर अजून एक दिवस पंखा, कोरडा निघाला तरच पट्टी बसवा आणि मॅट टाका.